कापूस, दव आणि ओटीपी

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात कापूस पूर्वी नुसता शेतात पिकायचा. 2025 च्या हंगामापासून तो मोबाइलमध्येही पिकवावा लागतो. भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, ‘कपास किसान’ ॲप आणले: आधी नोंदणी, मग स्लॉट, मग काटा. त्या हंगामात लांब धाग्याला हमीभाव होता क्विंटलमागे 8110 रुपये. मधला दलाल हटवायचा, हा हेतू तर पवित्रच.

दलाल हटला. त्याच्या खुर्चीत स्मार्टफोनवाला पोरगा बसला.

शेतकऱ्याला फोन कळत नाही, असे म्हणायची मात्र सोय नाही. खेड्यापाड्यांतल्या 6 कोटी लोकांना डिजिटल साक्षर करायची केंद्राची योजना 2017 मध्ये निघाली आणि मार्च 2024 मध्ये संपली तेव्हा 6.39 कोटी लोक शिकून तयार होते. अभ्यासक्रम 20 तासांचा. पऱ्हाटीला पहिली फवारणी करायलाही याहून जास्त शिकावे लागते! पेनगंगेकाठी बेला-जैनथकडचा माणूस घरी मराठी आणि कचेरीत तेलुगू बोलतो. उटनूरच्या डोंगरातला गोंडी किंवा कोलामी बोलून बाजारात आणखी दोन भाषा निभावतो. “ओटीपी आला का?” एवढ्या एका प्रश्नात दोघांनाही अडाणी ठरवता येते.

मक्त्याने शेत करणाऱ्याचे तर विचारूच नका. घाम त्याचा, नोंदणीला लागणारे जमिनीचे पासबुक मालकाचे.

खरी मजा दवाची. कापसात ओलावा 8 टक्के असेल तर पूर्ण भाव, पुढे प्रत्येक टक्क्याला कपात, आणि 12 च्या वर गेला की गाडी माघारी. स्लॉट तारखेने मिळतो, ओलावा उन्हाने जातो, आणि उन्हाची नोंदणी कुठल्याच ॲपवर होत नाही. ऑक्टोबरअखेर ‘मोंथा’ चक्रीवादळ तेलंगणावर बरसले, तेही स्लॉट न घेता.

एवढे सगळे पार करून काट्यापाशी पोचलेल्यासाठी नोव्हेंबरात नवी बातमी आली: सीसीआय तेलंगणात एकरी 12 नव्हे, 7 क्विंटलच घेणार. ज्याच्या रानात एकरी 10 निघाला, त्याने जास्त पिकवल्याचा गुन्हा केला. उरलेले 3 क्विंटल घेऊन तो खाजगी व्यापाऱ्याकडे जातो. तिथे ॲप नाही, ओटीपी नाही, रांग नाही. व्यापारी मुठीत कापूस दाबतो, हमीभावाच्या बराच खालचा आकडा सांगतो आणि वर चहाही पाजतो.