नाना फायदेवाले

सोमेश्वरनगरात नानांना कुणी सहज जरी "काय, बरंय ना?" विचारलं, तरी उत्तर ठरलेलं : "स्वतःच्या घरात राहतोय म्हटल्यावर बरंच असणार की!"

साखर कारखान्यात फिटर असलेल्या नानांनी पीएफ काढून, वर पतसंस्थेचं कर्ज उचलून वाघळवाडीला रो-हाऊस घेतलं आणि भाडेकरू दिसला की त्याला हाताला धरून बसवायला सुरुवात केली. "भाडं भरणं म्हणजे दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजणं. पाळी आपली, टनेज त्याचं!" हप्ता भाड्याच्या दुप्पट जातो, हे कुणी काढलंच, तर नाना हसतात. "भाडं जन्मात संपत नाही. हप्ता संपतो." कधी? "रिटायर झाल्यावर सहा वर्षांनी."

फायदे त्यांना कुठेही सुचतात. परवा एका मयतीला सगळे मान खाली घालून उभे असताना नाना हळूच म्हणाले, "काही म्हणा, गडी स्वतःच्या उंबऱ्यातनं गेला. भाड्याचं असतं तर मालकानं आधी डिपॉझिटचा हिशेब काढला असता."

हंगामात चिमणीची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. भाड्याच्या गच्चीवर होते तेव्हा नाना चिमणीकडे बघून शिव्या द्यायचे. आता खराटा घेऊन कौतुकानं झाडतात. श्रावणात करंज्याला सोमेश्वराच्या यात्रेला येणारे पाहुणे पूर्वी मालक पाण्याच्या बादल्या मोजतो म्हणून चहावरच उठायचे. आता आठवडाभर मुक्काम ठोकतात. हाही नानांच्या मते फायदाच. घरपट्टीची पावती तर ते खिशातच बाळगतात. "अकरा महिन्यांच्या करारावर असं नाव छापून येतं का?"

पावतीवर नाव मात्र काकूंचं आहे. बाईच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, ही २०२१ पासूनची सोय नानांनीच शोधून काढली होती. जन्मभर परक्या भिंतीला खिळा ठोकता आला नाही, म्हणून वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी ते हातोडी घेऊन स्टुलावर चढले. काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "रंग ताजा आहे. उतरा खाली."

नाना उतरले. हातोडी पिशवीत घालत मला म्हणाले, "बघितलंत? इथंही मालकीण आहेच. पण भाडं थकलं म्हणून बाहेर काढत नाही. हा केवढा फायदा!"