नोटीस आली म्हणून घाबरू नका, शेठ

रा. रा. शेठ यांस,


तुमच्या पेंट शॉपमधल्या माणसाच्या वकिलाची नोटीस व्हॉट्सअॅपवर मिळाली. सोबत त्याच्या रक्ताचा रिपोर्टही आहे. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळंच खाली. बारा वर्षं हा इसम थिनर आणि सॉल्व्हंट हाताळत होता, त्यात बेंझीन होतं, त्यानेच हाडातली मज्जा गेली, असं वकीलबाईंचं म्हणणं. त्यावर तुम्ही रात्री साडेबाराला मला फोन केलात. शेठ, झोप मोडण्यासारखं यात काही नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचा माल उडणारा आहे, आणि ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू. सकाळी ड्रम उघडला, संध्याकाळी हवेत. पोलिसाने पंचनामा करायचा तो कशाचा? सॉल्व्हंटची वाफ हवेहून जड असते, खालीच साचते, आणि तुमचा एक्झॉस्ट फॅन मात्र छताजवळ गरगरतोय. तो तिथून हलवू नका असं मी आधीच सांगितलं होतं. इन्स्पेक्टर मान वर करून पंखा बघतो. खाली वाकून वाफ कोण बघणार?

मास्क वाटल्याचे फोटो जपून ठेवा. तो निळा मास्क धूळ थोडीफार अडवतो, वाफ अजिबात अडवत नाही, त्यासाठी कार्ट्रिजवाला लागतो. पण फोटोत कार्ट्रिज आहे की नाही, एवढं निरखून कोण पाहतं! आणि हो, शिफ्ट संपल्यावर ही मंडळी हात थिनरनेच धुतात. कातडीतून तो आत जातो, हे खरं. आपण उत्तरात लिहू: कामगार स्वतःच्या तब्येतीबाबत निष्काळजी होता. साबण तुम्ही किती वर्षांत आणला नाही, ते लिहायची गरज नाही.

गूळ आणि दूध दिल्याचं रजिस्टर आहे ना? सह्या, अंगठे सगळं? उत्तम. श्वासातून बेंझीन रक्तात जातं, यकृतात त्याचं रूप पालटतं आणि तिथून ते मज्जेवर चालून जातं. या वाटेत गूळ त्याला कुठेच भेटत नाही. पण अर्धा लिटर दुधाच्या नोंदी बारा वर्षं नेमाने ठेवणारा मालक निर्दय असेल, असं कोणत्या साहेबाला वाटेल?

आता कायद्याचं. जुना कारखाने अधिनियम १९४८, कलम ८९. बेंझीनची विषबाधा त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होती. असा रोगी समोर आला तर डॉक्टरने मुख्य निरीक्षकाला लेखी कळवायचं. नाही कळवलं तर दंड, हजार रुपयांपर्यंत. कळवलं आणि ते खरं ठरलं तर डॉक्टरला ठरावीक फी, आणि ती मालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची! कायदा करणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार. पण तुमच्या माणसाच्या केसपेपरवर काय आहे बघा: 'अॅनिमिया, अशक्तपणा, लोहाच्या गोळ्या.' डॉक्टरने 'काम काय करतोस?' एवढं विचारलं असतं तर घोळ झाला असता. ओपीडीत बाहेर साठ माणसं उभी असताना कोण विचारतो? आपली वार्षिक तपासणीची व्हॅनही वजन, उंची, बीपी आणि डोळे बघून जाते. डोळे ठणठणीत आहेत त्याचे.

खरी भीती १९२३ च्या भरपाई कायद्याची. सलग सहा महिने अशा कामावर असलेल्याला बेंझीनचा रोग जडला, तर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. नाही झाला, हे तुम्ही सिद्ध करायचं. वाचून घाम फुटला ना? पुसा. तुमचा माणूस कारखान्यात बारा वर्षं असेल, मस्टरवर तो दर पाच महिन्यांनी नव्याने जन्माला येतो, दर वेळी नव्या ठेकेदाराच्या पोटी. ठेकेदारही उडणारेच, त्यांतल्या दोघांचे फोन तर आजच लागत नाहीत. शिवाय त्या कायद्यात भरपाईच्या हिशेबाला पगार महिना १५,००० च्या वर धरत नसत. आणि आता ही सगळी कलमं नव्या श्रमसंहितांत जाऊन बसली आहेत, आकडे बदललेत. जुना कायदा लागू की नवा, यातच चार तारखा निघतील. तोवर त्याची प्रकृती... असो.

वकीलबाई हुशार दिसतात, इतिहासात शिरल्या आहेत. स्वीडनमध्ये उप्साला इथे सायकलचे टायर बनवणाऱ्या तरुण मुली बेंझीनने दगावल्याची नोंद १८९७ ची आहे, असं त्या लिहितात. बरोबर आहे. १९४८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे तेल कंपन्यांच्या स्वतःच्याच संघटनेने, आपल्या अहवालात लिहून ठेवलं की बेंझीनचं पूर्णपणे सुरक्षित प्रमाण एकच, शून्य. हेही बरोबर. माल विकणाऱ्यानेच लिहिलंय आणि नेमकं आपला कारखाने कायदा झाला त्याच वर्षी. पण बाई पुढचं पान उलटायला विसरल्या. १९७८ मध्ये अमेरिकन सरकारने कारखान्यांच्या हवेतली मर्यादा दशलक्षात दहा भागांवरून एकावर आणायचं ठरवलं, तेव्हा कोर्टात कोण गेलं? तीच संघटना! १९८० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने नियम रद्द केला. धोका लक्षणीय आहे हे आधी दाखवा, म्हणाले. अखेर एक भागाचा नियम आला १९८७ मध्ये. शून्य ठाऊक असूनही दहाचे एक व्हायला एवढी वर्षं लागली, आणि तोवर कामगार कायदेशीरपणे दहा हुंगत राहिले. ही खरी सबुरी, शेठ. तुम्ही एका नोटिशीने हातपाय गाळता.

चीनमधल्या सुझोचं उदाहरणही त्यांनी दिलंय. फोनच्या काचा पुसायला तिथे अल्कोहोलऐवजी हेक्झेन आणलं, कारण ते लवकर वाळतं आणि माल भराभर निघतो. पोरापोरींच्या हातापायांतल्या नसा गेल्या, चालता येईना. ज्यांचे ते फोन, त्या अॅपलने २०११ च्या अहवालात १३७ जणांना बाधा झाल्याचं मान्य केलं. तिथल्या मालकाची चूक तुमच्या ध्यानात आली का? सगळे एकाच वेळी, एकाच छपराखाली आजारी पडले! तुमच्याकडे तसं नाही. बेंझीन घाई करत नाही. माणूस काम सोडतो, गावी जातो, एक लातूरला, एक चिपळूणला, एक थेट बिहारमधल्या छपराला, आणि काही वर्षांनी तिथे त्याला जे व्हायचं ते होतं. त्या सगळ्यांचे केसपेपर एकत्र करणारा माणूस अजून कुठल्या खात्याने नेमलेला नाही.

तुमचे धाकटे चिरंजीव म्हणत होते की पाण्यातले रंग वापरू, टाकीला झाकण बसवू, वाफ निघते तिथूनच खेचणारी डक्ट टाकू. पोरगा शिकलेला आहे, त्याला समजून सांगा. आज डक्ट बसवली म्हणजे कालपर्यंत ती नव्हती, हे आपणच लिहून दिल्यासारखं.

मला धास्ती वाटते ती एकाच गोष्टीची, आणि ती वकीलबाईंची नाही, तुमच्या अकाउंटंटची. नफा कमी दिसावा म्हणून त्याने स्टोअरच्या वहीत दर महिन्याला दोन ड्रम सॉल्व्हंट 'उडून गेला' असं दाखवलंय. आयकराला ठीक आहे. पण निरीक्षकाला दिलेल्या उत्तरात आपण लिहिलंय की शेडमध्ये वाफ होतच नाही. महिन्याला दोन ड्रम, अशी बारा वर्षं. उडाले ते कुठे गेले, असं बाईंनी विचारलं तर मला उत्तर सुचत नाही. या दोन फायली एका टेबलावर येऊ देऊ नका.



आपला,
सुरक्षा सल्लागार

ता. क. : फीचं बिल सोबत जोडलं आहे. नेहमीप्रमाणे कामगार कल्याणच्या खात्यात टाका.