अलगभाऊ

मतदारयादीत त्याचं नाव काहीतरी दुसरंच आहे. धनज गावाने त्याला अलगभाऊ करून टाकलं. ऑनलाइन कामांच्या त्याच्या दुकानात तुम्ही काहीही घेऊन जा, कानावरचा डॉटपेन काढत तो आधी म्हणणार, “थांबा भाऊ. हे त्याच्यात येत नाही. अलग टाका लागते.”

सवय दुकानापुरती असती तर निभावलं असतं. सोयरिकीच्या बैठकीत मुलाकडचे पुण्यातला फ्लॅट सांगत होते, तेव्हा हा मागून बोलला, “हप्ते अलग.” कुणी कूलर आणला की स्टँड अलग, फवारणी पंप आणला की चार्जर पाहून घ्या. तेव्हापासून सोयरिकीला त्याला कुणी बोलावत नाही. खरेदीला मात्र कारंजापर्यंत गाडीत बसवून नेतात.

त्याचं खरं वैर आहे ते सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकाशी. “आवश्यक घटक स्थापित असल्याची खात्री करा,” एवढं लिहून कंपनी मोकळी होते. कोणते घटक? भेटते कुठं? म्हणून भाऊने खोक्याच्या पुठ्ठ्यावर तीन रकाने आखून भिंतीला टांगलेत : काय अलग लागते, कुठून आणाचं, नाही टाकलं त काय दिसते. तिसऱ्या रकान्याचा त्याला विशेष अभिमान. “मानूस चूक पाहूनच येते न माह्याकडं,” तो म्हणतो. “पडद्यावर जे दिसते तेच लिवलं पायजे.”

ऑटोवरच्या जाहिराती तो ऑडॅसिटीत रेकॉर्ड करतो. त्यातून एमपी३ काढायला पूर्वी लेम अलग बसवावं लागे. २०१९ साली २.३.२ आवृत्तीपासून ते आतच येऊ लागलं आणि भाऊचा चेहरा पोरगी सासरी धाडलेल्या बापासारखा झाला. पुठ्ठ्यावरची ती ओळ त्याने जड हाताने खोडली. पण मोबाइलची एम४ए फाइल विंडोजवर ऑडॅसिटीत उघडायची तर एफएफएमपेग अजून अलगच लागतं हे ध्यानात आलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. लिब्रेऑफिसवर मात्र त्याची भक्ती आहे. विंडोजवर लिब्रेऑफिसची ‘हेल्प’सुद्धा अलग उतरवावी लागते. “मदतच अलग!” हे तो हात जोडून सांगतो.

त्याचा सुगीचा महिना नोव्हेंबर. पेन्शनवाले हयातीच्या दाखल्यासाठी येतात. बोटाच्या मशीनला ड्रायव्हर अलग, आरडी सर्व्हिस अलग. त्यात एका पेन्शनर गुरुजींची खडू धरून झिजलेली बोटं मशीन ओळखेना. २०२१ पासून चेहरा दाखवूनही जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला, ऑनलाइन निघतो. पण मोबाइलमध्ये दोन अ‍ॅप लागतात. गुरुजींनी घरी एकच टाकलं होतं.

“आधार फेस आरडी अलग टाका लागते, गुरुजी.”

“टाकलं न बापा आत्ता, तुह्यासमोर. पन दिसत त नाही!”

“ते दिसतच नाही. त्याले चिन्ह नाही. सेटिंगमधी अ‍ॅपच्या यादीत पाहा, तिथं हाय.”

गुरुजींनी यादीत बोट फिरवलं, सापडलं. “मंग हे कागदावर लिवाले काय झालं होतं यायले?” ते कडाडले. भाऊने डॉटपेन काढला आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं : टाकलं तरी दिसत नाही. घाबरू नये.

चेहरा लागला, दाखला निघाला. गुरुजींनी पुठ्ठा वरपासून खालपर्यंत वाचला, एका ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली आणि चपला घातल्या.

“काम झकास केलं, पोरा. पैसे अलग. नातू घरून आनून देईन. नाही आला, त समज मी इसरलो.”

एका दमात तिन्ही रकाने भरलेले पाहून भाऊला उधारी मागायचं सुचलंच नाही.