निबंधाचा पहिला परिच्छेद

दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासताना वाईट अक्षर मी सहन करतो, ऱ्हस्व-दीर्घही सहन करतो. वैचारिक निबंधाचा पहिला परिच्छेद मात्र सहन होत नाही. विषय पाणीटंचाई असो, प्रदूषण असो की मोबाईल, सुरुवात ठरलेली: आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे. नाहीतर, प्राचीन काळापासून मानव. वर अवतरणचिन्हांत एखादा सुविचार. सहा-सात ओळी वाचून होतात आणि लिहिणाऱ्याचे म्हणणे काय, याचा पत्ता लागत नाही. तो परिच्छेद उचलून भलत्याच विषयाच्या निबंधाला जोडला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

मुलांना दोष देववत नाही. गाईडात हेच छापलेले असते, क्लासमध्ये ‘प्रस्तावनेत सुविचार टाका’ असे बजावलेले असते, आणि सुविचार दिसला की तपासणाराही खूश होऊन अर्धा गुण वाढवतो. काही मुले ‘या निबंधात मी पाणीटंचाईविषयी माहिती देणार आहे’ असे लिहितात. ते विषयाचे नाव झाले. म्हणणे अजून यायचेच आहे.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणीटंचाईवर लिहिणाऱ्या मुलाने तिथून सुरुवात करावी आणि पुढच्याच वाक्यात सांगावे, की ही वेळ अपुऱ्या पावसाइतकीच दुष्काळी भागातल्या उसानेही आणली. आता निबंधाला दिशा मिळाली. उसाला पाणी किती लागते, शेतकरी तरी ऊसच का लावतो, दुसऱ्या पिकाला हमखास गिऱ्हाईक आहे का, हे परिच्छेद आपोआप मागे येतात. कुणाला हे म्हणणे पटणार नाही. न पटण्याजोगे काही लिहिले आहे, हीच त्या वाक्याची किंमत.

मराठीत हे नवे नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या उपोद्घातात अविद्येपासून शूद्रांच्या दैन्यापर्यंतची कारणांची साखळी सुरुवातीच्या मोजक्या ओळींतच मांडली, पुस्तक पुढे तेच सिद्ध करत जाते. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर जुलै 1897 मध्ये ‘केसरी’त आलेल्या टिळकांच्या अग्रलेखाचा मथळा होता ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’. अग्रलेख वाचायच्या आधीच टिळक कुठे उभे आहेत ते कळते. ही नावे आमच्या मुलांना पाठ असतात. निबंधात ती सुविचाराखाली सही म्हणून येतात, त्यांची लिहिण्याची रीत येत नाही.

सगळ्यात जास्त राग येतो तो ‘मोबाईल: शाप की वरदान’ या विषयाचा. अर्धे पान फायदे, अर्धे पान तोटे, आणि शेवटी ‘ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’. पंधरा वर्षांच्या मुलाला मत असते, घरी तो ते तावातावाने मांडतोही. प्रश्नच असा काढलेला असतो की पेपरात त्याची गरज पडू नये. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे, हा विषय यंदा वगळा. त्याऐवजी विचारा, नववी-दहावीच्या मुलांना शाळेत मोबाईल आणू द्यावा का? आणि सूचनेत लिहा, की उत्तर पहिल्या तीन ओळींत आले पाहिजे.