तळ्यात, मळ्यात

१९५२ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात प्रेक्षकांच्या कानाला पहिल्यांदा यंत्र लागलं. आत कुठेतरी टेप चालायची आणि तिचा आवाज रेडिओलहरींवरून सगळ्यांच्या कानात एकाच वेळी पोचायचा. म्हणजे ‘आता उजवीकडे पाहा’ म्हटलं की दालनातली सगळी मंडळी एकदम उजवीकडे वळत असणार. आमच्या शाळेत पीटीचे सर हेच एका शिट्टीवर करून घेत, पण त्यांचं नाव इतिहासात गेलं नाही.

आता ते यंत्र फोनमध्ये शिरलंय आणि माणसं कानात आवाज घालून बागांमधून एकेकटी हिंडतात. माझी भाची परदेशात अशी एक बाग ऐकून आली आणि मामालाही बाग ऐकवायचीच, असं तिने ठरवलं. मी पौडचा. आमच्या मुळशी तालुक्यात हिरवाईला वेगळं कुंपण घालून तिची वेळ पाटीवर लिहायची गरज फारशी पडली नाही; सह्याद्री आहे, तो पुरतो. म्हणून तिने पुण्यातली सारसबाग निवडली, माहिती जमवली, स्वतःच्या आवाजात तुकडे रेकॉर्ड केले आणि मला धाडले. वर ताकीद दिली, “मामा, तू डोकं चालवू नकोस. मी सांगेन तिथे थांबायचं आणि पुढचा तुकडा लावायचा.”

फाटकातून आत आलो तर पहिलंच वाक्य : “मामा, आता तू तळ्यात उभा आहेस.”

मी खाली पाहिलं. हिरवळ होती. शेजारी चटई, चटईवर पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि एक रांगतं मूल. कोणी बुडत नव्हतं. पण भाचीचं खरं होतं. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याच्या पाण्यावर इथे तळं करवलं, मधोमध बेट ठेवलं. त्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, गणपती बसला. म्हणून तो तळ्यातला गणपती. पुढे तळं गेलं, गणपती राहिला आणि नावातलं पाणी तेवढं शिल्लक उरलं. पेशवे मसलतीसाठी या तळ्यात नावेतून जात आणि वल्ही मारायला मराठी न कळणारे हबशी ठेवत, असं सांगतात. गुपित राखायची ही तऱ्हा मला फार आवडली. त्याच जागी एक काकू फोन स्पीकरवर टाकून जावयाच्या पगाराची चर्चा करत होत्या आणि ती अख्ख्या बागेला कळत होती.

देवळाच्या पायऱ्यांशी पेच पडला. चपला काढल्या, पण कानातली बोंडं? हा गणपती थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालतो. कान झाकलेल्या देवासमोर कान बुजवलेला भक्त, म्हणजे गाऱ्हाणं कुणी कुणाचं ऐकायचं? काढली बोंडं.

बाहेर येऊन बाकावर बसलो, पुन्हा बोंडं घातली आणि भाचीच्या बोलण्याला मान डोलावू लागलो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, “किती झाले?”

“काय?”

“स्कोअर हो.”

“नाही, या बागेची माहिती ऐकतोय.”

ते दुखावले. “मी इथे रोज येतो. मला विचारायचं.” मग त्यांनी तळं, पेशवे, शेजारच्या पेशवे पार्कातली १९५६ सालची फुलराणी, प्राणी कात्रजला गेले ते, सगळं सांगितलं. भाचीच्या प्रत्येक विधानाला त्यांचा एक ‘तसं नाही ते’ होता. कानातल्या बाईला थांबवता येतं. बाकावरच्या गृहस्थांना ती सोय नाही.

मला मात्र भाचीचं ते पहिलं वाक्य सोडत नव्हतं, कारण मी ते उलट्या बाजूने ऐकलेलं आहे. माझ्या आजीचं माहेर मुळशीच्या पाण्याखाली. मुंबईला वीज हवी होती, म्हणून मुळा अडवली. १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते याच लढ्यात. तीनेक वर्षांनी लढा ओसरला, धरण झालं, बावन्न गावांच्या जमिनीवर पाणी आलं. ते डोंगर उतरून भिऱ्याला जातं आणि तिथे त्याची वीज होते. ताम्हिणीकडे जाणाऱ्या एसटीत आजी खिडकीची जागा धरायची आणि पाण्याकडे बोट करून सुरू व्हायची, “त्या तिथं आमचं खळं. त्याच्या खालच्या अंगाला भाताची खाचरं. हितनं वाट जायची.” सगळं बोट पाण्यावर. मी लहान, मला लाटा दिसायच्या आणि एखादा बगळा. कंडक्टरने तिकीट मागितलं तरी तिची वाट चालूच. सारसबागेत पाणी ऐकायचं आणि जमीन बघायची. आमच्याकडे जमीन ऐकायची आणि पाणी बघायचं. आजीला थांबवायचं बटण नव्हतं, हे तेव्हा मला गैरसोयीचं वाटे.

“आपण कुठले?” गृहस्थांनी विचारलं.

“मुळशी.”

“अरे वा! येत्या रविवारी आम्ही तिकडेच येतोय, सहकुटुंब. काय काय बघायचं तेवढं सांगा की.”

मी बोंडं खिशात टाकली, घसा खाकरला. “पौड सोडून पुढे गेलात की धरणाचं पाणी लागेल. त्या पाण्याखाली…”

“ते दिसेलच हो,” ते म्हणाले. “पिठलं-भाकरी कुठे चांगली मिळते?”