पाय टेकवू नका

पुण्याचा माणूस दुचाकी हातांनी चालवत नाही, पायांनी चालवतो. सिग्नलला पाय टेकवायचा, खड्डा दिसला की पाय टेकवायचा, समोरून कोणी उलट दिशेने आलं तर दोन्ही पाय टेकवून ठाम उभं राहायचं आणि 'काय हो?' असं विचारायचं. रिक्षावाल्यांनी तर दिव्यांवर कधी विश्वासच ठेवला नाही. वळायचं असलं की पाय बाहेर येतो, बाकीच्यांनी काय ते समजून घ्यायचं. अशा शहरातल्या सुशिक्षित माणसांना वेल्ह्याच्या चिखलात चार चाकांच्या मोटारसायकलीवर बसवायचं आणि वर 'काय पण झालं तरी पाय खाली टेकवायचा नाय' असं बजावायचं, हा त्यांच्या संस्कारांवरच घाला आहे.

हा घाला आमच्यावर झाला तो मेहुण्याच्या मुलामुळे. तो हिंजवडीला नोकरी करतो, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस त्याच्यावर अन्याय होतो आणि उरलेल्या दोन दिवसांत त्याला निसर्ग लागतो. त्याने मोबाइलवर बुकिंग करून टाकलं आणि मग घरी कळवलं. एटीव्ही, म्हणजे ती चार चाकांची मोटारसायकल, गाईडसह, जेवणासकट. सासूबाईंचं माहेर भोरचं. त्यांना फक्त 'भोर-वेल्ह्याकडे' एवढंच सांगितलं होतं. वाटेत नसरापूरला बनेश्वराचं दर्शन होईल या हिशोबाने त्या नैवेद्याचे पेढे घेऊन निघाल्या.

या गाडीबद्दल मी आदल्या रात्री थोडी माहिती काढली. सुरुवातीला तिला तीनच चाकं होती. हिवाळ्यात बर्फ पडला की मोटारसायकली खपत नाहीत, तेव्हा काहीतरी वेगळं द्या, असं अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी होंडाला सांगितलं. होंडाने फुग्यासारख्या टायरांची तीनचाकी काढली आणि 1970 मध्ये ती बाजारात आली. लगेच 1971 च्या चित्रपटात जेम्स बाँड तिच्यावर बसून पळाला. बाँडचं ठीक आहे, तो पटकथेप्रमाणे वाचतो. बाकीची माणसं उलटून पडायला लागली. 1982 मध्ये सुझुकीने चौथं चाक लावलं आणि 1988 मध्ये सरकारशी करार होऊन अमेरिकेत नव्या तीनचाक्या विकणं बंद झालं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये शेतकरी याच चारचाकीवर बसून मेंढरं वळतात. तिथेही ती शेतकऱ्याच्या अंगावर उलटण्याचे प्रकार इतके झाले की ऑस्ट्रेलियाने 2021 पासून शेतीकामाच्या नव्या गाड्यांना उलटल्यावर माणूस चिरडू नये म्हणून संरक्षक कमान सक्तीची केली. एवढं वाचून मी मोबाइल ठेवला. बायकोला काही सांगितलं नाही. पैसे भरून झाले होते.

कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूर, मग चेलाडी फाट्याला उजवीकडे. बनेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. भोवती दाट झाडी आहे आणि आत पाण्याचं कुंड. तिथे सासूबाई इतक्या रमल्या की आता परत फिरू या, असंही त्यांनी सुचवलं. आंबवणं गेलं, मार्गासनी आली, डावीकडे गुंजवण्याचा रस्ता फुटला. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. विचारलेला प्रत्येक माणूस मात्र 'वेल्ह्याला ना? सरळ' असंच म्हणाला.

मुक्कामी पोहोचल्यावर पहिल्यांदा चहा आला आणि चहाबरोबर इंग्रजीतली दोन पानं. सही करायची होती. मेहुण्याच्या मुलाने न वाचता केली, कारण त्याच्या पिढीने आजवर काहीही वाचून मान्य केलेलं नाही. सासूबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि सगळ्यांना सारांश सांगितला : "आपण मेलो तर त्याची जबाबदारी आपल्यावर आहे. मेल्यावर ती कशी पार पाडायची, ते मात्र यांनी लिहिलेलं नाही." मग त्यांनी पहिल्या पानावरच्या स्पेलिंगच्या दोन चुका दुरुस्त करून सही केली.

गाईड जवळच्याच गावातला, विशी-बाविशीचा पोरगा. पायात गमबूट, अंगावर कंपनीचं जाकीट, पोटऱ्यांवर आमच्या आधीचाच कुठला तरी चिखल. शिकवणं त्याने पाच मिनिटांत उरकलं. या गाडीला क्लच नाही, गिअरची कटकट नाही. उजव्या मुठीपाशी एक छोटा खटका असतो, तो अंगठ्याने दाबला की गाडी पुढे जाते. मूठ पिळून काही होत नाही. हे आम्हाला ऐकून कळलं, पण आमच्या मनगटांना कळलं नाही. मेहुणा बराच वेळ ताकदीने मूठ पिळत होता आणि 'बंद पडली वाटतं' म्हणत होता. त्याचा मुलगा मात्र पहिल्या दाबात निघाला. मोबाइलवर आयुष्य गेल्यामुळे त्याच्या सगळ्या शरीरात अंगठा हाच काय तो कमावलेला अवयव आहे.

दुसरी गोष्ट वळण्याची. अशा साध्या गाड्यांची मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर असतात. मोटारीत वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी. इथे दोन्ही सारखीच फिरतात, त्यामुळे गाडीची इच्छा सरळ जाण्याची असते. हँडल वळवूनही ती ऐकत नाही. आपण वळणाच्या आतल्या बाजूला अंग झोकायचं, बाहेरच्या चाकावरचा भार वाढवायचा, मग आतलं चाक थोडं घसरतं आणि ती वळते. मागे बसलेल्यानेही तसंच झुकायचं असतं. माझ्या मागे बायको होती. वळण आलं की मी आत झुकायचो आणि ती, पडायला नको म्हणून, बाहेर. त्यामुळे आमची गाडी प्रत्येक वळणावर दोघांचं मत विचारात घेऊन सरळ जात होती.

आणि तिसरी गोष्ट पायांची. पाय खाली ठेवला तर मागचं चाक तुमच्याच पायावरून जातं. दुसऱ्या कुणाच्या चाकाखाली पाय यावा हे समजण्यासारखं आहे, पण आपल्याच गाडीने आपल्याला चिरडावं हा अपघात इन्शुरन्सवाल्याला समजावून सांगता येणार नाही.

निघालो. सगळ्यांत पुढे गाईड आणि त्याच्या मागे बसलेल्या सासूबाई. थराराची खरी वाट तिथेच लागली. गाईडच्या पुढे जायचं नाही हा नियम, आणि सासूबाईंनी त्या पोराशी गप्पा सुरू केल्या होत्या. खाचरं किती? इंद्रायणी लावता की आंबेमोहोर? रोपं कधी टाकली? राब भाजता का अजून? तो उत्तर द्यायला मान वळवायचा, मान वळवली की अंगठा ढिला पडायचा, आणि मागची आमची सगळी रांग, ज्या रांगेने साहसासाठी रोख पैसे मोजले होते, सासूबाईंच्या कुतूहलाच्या वेगाने सरकत राहायची. मेहुण्याच्या मुलाने दोनदा हॉर्न शोधला. या गाडीला हॉर्न नव्हता. पुणेकराला पायानंतर दुसरा आधार हॉर्नचा असतो, तोही गेला.

जुलैचे दिवस होते. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली खाचरं, काहींत लावणी उरकलेली, काहींत चालू. गाईडने एका उंचवट्यावर थांबवून डावीकडे हात केला, "हा राजगड." उजवीकडे हात केला, "हा तोरणा, चौदाशे मीटर." दोन्हीकडे पांढरं धुकं होतं. वेगवेगळ्या गडांचं असलं तरी धुकं एकच दिसत होतं. आम्ही दोन्हीचे फोटो काढले. मेहुण्याने त्यातला एक तिथल्या तिथे स्टेटसला टाकला आणि खाली 'स्वराज्याचं तोरण' असं लिहिलं. घरी आल्यावर कळलं की तो राजगडाच्या बाजूचा होता. कोणाच्याही लक्षात आलं नाही.

एके ठिकाणी वाट डांबरी रस्ता ओलांडते. आमच्या गाड्यांना ना नंबर ना नोंदणी, त्या सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाहीत. म्हणून गाईड खाली उतरला, दोन्ही बाजू पाहिल्या, आणि हात करून आम्हाला एकेक सोडू लागला. तेवढ्यात स्वारगेटची एसटी आली. ड्रायव्हरने गाडी थांबवली. खिडक्यांतून गावाकडची माणसं, डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेतलेल्या बायका, शाळेची पोरं आमच्याकडे बघत होती. आम्ही हेल्मेट घालून, लाल चिखलाने माखून, अतिशय गंभीर चेहऱ्यांनी बारा फुटांचा डांबरी रस्ता ओलांडत होतो.

रस्त्यापलीकडच्या खाचरात एक आजोबा लावणीच्या बायकांना रोपांच्या पेंढ्या टाकत होते. त्यांनी गाईडला हाक मारली.

"किती घेता रं याचे?"

गाईडने आकडा सांगितला. आजोबांनी आम्हाला नीट न्याहाळलं.

"म्हंजी तुम्ही यांना देता, का हे तुम्हाला?"

पुढे शेवटचा मोठा चिखल होता. जाहिरातीत त्याचाच फोटो होता. गाईडने सांगितलं होतं की अंगठा सोडायचा नाही, एका दमात पार करायचं. मेहुणा मधोमध पोहोचला, मागचं चाक जरा सरकलं, आणि चाळीस वर्षांची दुचाकी त्याच्या अंगात आली. पाय खाली गेला. चाक पायावरून गेलं. या टायरांत हवा फार कमी भरतात आणि खाली चिखल मऊ, त्यामुळे पायाला काही झालं नाही. पाय वर आला, बूट खाली राहिला. गाईडने बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं आणि एक बूट ओढून काढला. तो मेहुण्याचा नव्हता. दुसऱ्यांदा हात घातल्यावर चप्पल निघाली. मेहुण्याचा बूट तिसरा आला. आधीचे दोन्ही गाईडने बाजूच्या दगडावर ठेवले. तिथे आधीपासून आणखी काही ठेवलेले होते.

जेवायला तांदळाची भाकरी, पिठलं, खर्डा, आणि वाफाळता इंद्रायणी भात. अंगठा इतका दुखत होता की घास जमेना. इथे सासूबाईंनी आपला ठेवणीतला मुद्दा काढला. तुम्ही ज्याला ऑफ-रोड म्हणता, त्या म्हणाल्या, ते आमच्या भोरच्या लोकांना सांगू नका. रायरेश्वराच्या पठारावर शेती आहे आणि वर जायला शेवटी लोखंडी शिडी आहे. तिथल्या शेतकऱ्यांना ट्रॅक्टर हवा होता. त्यांनी काही वर्षांपूर्वी तो विकत घेतला, खाली सुटा केला, एकेक भाग माणसांनी शिडीवरून वर नेला आणि वर जोडून शेतात उतरवला. गाईड म्हणाला, "खरंय आजी, पेपरात आलं होतं." मेहुण्याच्या मुलाने तिथेच मोबाइलवर ते शोधलं, व्हिडिओ पाहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्याला असा शांत मी प्रथमच बघत होतो.

मग गाईडच बोलता झाला. पहाटे घरच्या खाचरात पॉवर टिलरने चिखलणी करून तो कामावर आला होता, पोटऱ्यांवरचा चिखल तिथला. संध्याकाळी परत तेच. दिवसभर चिखल, फक्त मधल्या वेळेत त्याचे पैसे मिळतात. शनिवार-रविवारी गाड्या, बाकी आठवडा भात. त्याची तक्रार एकच होती. मध्यंतरी एका ग्रुपमधला एक जण व्हिडिओच्या नादात वाट सोडून खाचराच्या बांधावर गाडी घेऊन गेला. बांध फुटला, रात्रीतून पाणी उतरलं, आणि दुसऱ्या दिवशी लावणीला सांगितलेल्या बाया परत पाठवाव्या लागल्या. त्या माणसाने सॉरी म्हणून टिप दिली. बांध गाईडने आणि त्याच्या वडिलांनी रात्री बॅटरी लावून घातला.

मजा मात्र आली, हे सांगितलं पाहिजे. पैसे जास्त आहेत आणि अंगठा दोन दिवस कामाचा राहत नाही. तरी मुलाबाळांना घेऊन एकदा जावं असाच हा प्रकार आहे. जाणार असाल तर जून-जुलैत जा, उन्हाळ्यात नुसती धूळ. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लागतो की नाही ते आधी बघून घ्या. सोळा वर्षांखालच्या पोराच्या हाती मोठी गाडी देऊ नका, त्याने कितीही तोंड पाडलं तरी. नाडीचे बूट घाला. आणि गाईड ज्या वाटेने नेईल तीच धरा, खाचराच्या बांधावर चाक घालू नका. बांध फुटला की पाणी जातं आणि लावणी खोळंबते.