खवल्यांखालचे आजोबा

मुलांच्या चित्रपुस्तकातलं पात्र तुम्हाला सुचलं कसं, असं कुणी विचारलं की लेखकाने डोळे अर्धवट मिटून निसर्ग, निरागसता आणि आजीच्या गोष्टी यांची नावं घ्यायची असतात. आमच्या धंद्यातली ही रीतच आहे. खरं कारण बहुतेक वेळा नातेवाईक असतात, आणि ते हयात असल्यामुळे सांगता येत नाही.

मॉरिस सेंडॅक या अमेरिकन चित्रकाराने मात्र ते सांगून टाकलं. त्याला मुळात रानघोड्यांचं पुस्तक करायचं होतं, पण घोडे काही केल्या जमेनात. मग त्याला ब्रुकलिनच्या लहानपणच्या घरी जेवायला येणारे काका-मामा-मावश्या आठवल्या. गालगुच्चे घेणाऱ्या, ‘खाऊनच टाकते तुला’ म्हणत तोंड इतकं जवळ आणणाऱ्या, की पोराला त्यांच्या दातांची स्थिती बारकाईने अभ्यासता यावी. १९६३ साली ही मंडळी शिंगं-नखं लावून ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये अवतरली. घोडा न जमण्याचा इतका फायदा दुसऱ्या कुणाला झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दुसरी युक्ती इंग्लंडातली. ए. ए. मिल्नने आपल्या मुलाच्या खेळण्यातल्या अस्वलावरून विनी-द-पू लिहिला. पण चित्रकार शेपर्डने चित्रांसाठी समोर ठेवलं ते स्वतःच्या मुलाचं अस्वल. म्हणजे नाव एका घरचं, पोट दुसऱ्या घरचं. घरात शांतता राखायची तर यापेक्षा चांगला मार्ग नाही. मीही तोच धरला.

माझ्या पात्राचं नाव लागेलराव. जातीने खवले मांजर. त्याच्या प्रत्येक खवल्याखाली काही ना काही दडवलेलं असतं, आणि ‘टाकू नका, लागेल!’ हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान. हे तत्त्वज्ञान माझ्या आजोबांचं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापून केलेले रबर, अमृतांजनच्या रिकाम्या बाटल्या, लग्नपत्रिकांची उलटी करून पुन्हा चिकटवलेली पाकिटं, फक्त डावी काडी उरलेला एक चष्मा. उजवी काडी उरलेला चष्मा कधीतरी मिळेल आणि दोहोंचा मिळून एक होईल, या आशेवर तो वीसेक वर्षं खुंटीला होता.

प्राणी शोधताना फार वणवण करावी लागली नाही. खवले मांजर धोका दिसला की अंगाचं वेटोळं करून घेतं; आजोबा वर्गणीवाल्यांनी फाटक वाजवलं की घोंगडीत तेच करत. खवले मांजराला दात नसतात; आजोबांना होते, पण वाटीत. खवले मांजर पुढचे पंजे पोटाशी धरून मागच्या पायांवर चालतं, तेव्हा तर कुणीतरी पिशवीत काय आहे ते दाखवायचं टाळतंय असंच वाटतं.

बाकीचा माल इतरांचा. लागेलराव भेटेल त्या पिल्लाला ‘कितवीत आहेस?’ विचारून उत्तर ऐकायच्या आत एकोणतीसचा पाढा म्हणायला लावतो, ते काकांकडून. ‘निघतेच हं’ म्हणून दारात पाऊण तास उभं राहणं मावशीकडून. पोट आत्याच्या यजमानांचं. छपाईचा फर्मा सोळा पानांचा. दोन फर्मे म्हणजे बत्तीस पानं. एवढ्यात सगळं बसवायचं असल्यामुळे कुटुंबातल्या बऱ्याच गुणी माणसांना जागेअभावी वगळावं लागलं.

पुस्तक आलं तेव्हा मी काही दिवस घरच्यांचे फोन घेतले नाहीत. भीती फुकट गेली. काकांनी पाढ्याचं पान उघडून मांडीवर थाप मारली, ‘हा आपला शेजारचा मास्तर! हुबेहूब!’ मावशी म्हणाली, ‘नाव नको घेऊस, दारातली ती बाई मी ओळखली,’ आणि जावेचं नाव तिने स्वतःच घेतलं. हे सांगून ती निघाली आणि पाऊण तासाने गेली. आत्याच्या यजमानांनी तर पोटावर पुस्तक टेकवून वाचलं आणि विचारलं, ‘कोण रे हा जाड्या?’ एकही जण स्वतःला सापडला नाही. दुसरा मात्र प्रत्येकाला पहिल्या फटक्यात सापडला.

नाराज झाला तो एक चुलतभाऊ. त्याला सगळे ओळखू आले आणि आपण कुठेच नाही, हेही कळलं. तेव्हापासून मी घरी गेलो की तो मुद्दाम विक्षिप्त वागतो. चहात शेव घालतो, टोपी उलटी घालून मांजराशी इंग्रजीत बोलतो आणि मी वही काढतोय का ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो. त्याला कसं सांगावं, की असं ठरवून केलेलं वागणं पोरांना दुसऱ्या पानावरच कळतं? आजोबांनी तो चष्मा कुणाला दाखवायला खुंटीला ठेवला नव्हता.

पण नात्यात वाईटपणा नको. दुसऱ्या भागात मी त्याला घेतलंय. मुंगी केलंय. मनमिळाऊ, कष्टाळू, चांगली दोन पानं दिली आहेत. तो खूश आहे. खवले मांजर काय खातं, हे त्याने अजून विचारलेलं नाही.